एकही ठिपका नाही

गजू,

एमआरआयच्या मशीनमधून बाहेर आलेला माणूस पहिलं काय विचारतो, ते तुला मी शंभर वेळा सांगितलंय. चप्पल पायात सरकवायच्या आधी, चष्मा लावायच्या आधी विचारतो, "काय दिसलं?" आणि आम्ही टेक्निशियन मंडळी एकच उत्तर देतो, "डॉक्टर सांगतील." सोळा वर्षं मी हे वाक्य म्हणतेय. काल तुझं तेरावं उरकून पहिल्यांदा कामावर गेले. पहिल्या पेशंट एक काकू होत्या, पाठ दुखते म्हणून आलेल्या. बाहेर आल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "काय गं, काय दिसलं?" मी तोंड उघडलं तर वाक्यच बाहेर येईना. नुसती बघत राहिले त्यांच्याकडे. काकू मटकन बाकावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं, संपलं सगळं. एक मणका जरासा सरकला होता रे, बाकी काही नव्हतं!

मग आतून रिपोर्ट लिहिणाऱ्या मॅडम आल्या, काकूंची समजूत काढली आणि मला म्हणाल्या, "वैशाली, तू घरी जा." मी गेले नाही. घरी आई आहे. तिच्यासमोर बसण्यापेक्षा मशीनसमोर बसलेलं बरं.

लोक गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. तेरा दिवस मी तेच ऐकलंय. गजानन किती शांत, गजानन किती हुशार, कंपनीत कुणाशी कधी वाकडं नाही. कसला शांत! माझ्याशी भांडल्याशिवाय तुझा रविवार जात नव्हता. मला अजून तुझ्याशी भांडायचंय. आणि या भांडणात चूक माझी आहे, म्हणून ते कुणासमोर काढताही येत नाही.

तू पुण्यात आलास तेव्हा मी कात्रजला एका खोलीत राहत होते. शनिवार पेठेतल्या सेंटरवर नुकती लागले होते. तुला वाघोलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तू स्वारगेटला उतरलास, एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्यात आईने दिलेली चण्याची डाळ. मी म्हटलं, "पुण्यात डाळ मिळते." तू म्हणालास, "आईले सांग." तेव्हा इथे जिकडे तिकडे कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, आणि जो तो सॉफ्टवेअरमध्ये चालला होता. तूही गेलास. टेस्टर झालास. आईला फोनवर तुझं काम समजावून सांगताना आपली दोघांची दमछाक झाली होती. शेवटी तीच म्हणाली, "म्हंजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढाच्या? मंग हे त वैशालीले जमलं असतं." तू फोन धरून खालीच बसलास हसत.

तुझ्या आजाराची सुरुवातसुद्धा तुझ्या कामासारखीच झाली. तुला एकाचे दोन दिसायला लागले. कुणीही शहाणा माणूस डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला असता. तू ऑफिसात मॉनिटर खराब आहे म्हणून तक्रार टाकलीस! त्यांनी दुसरा दिला, तोही तू नापास केलास. तिसरा घेऊन आलेला माणूस म्हणाला, "सर, एकदा खिडकीबाहेर बघा." तू पाहिलंस, तर पार्किंगमधली बससुद्धा दोन. ही गोष्ट तू मला हसत हसत सांगितलीस आणि मीही हसले. सोळा वर्षं मेंदूचे फोटो काढणारी बाई मी. हसले.

त्यानंतर उचक्या. तीन दिवस थांबेनात. मेघनाने साखर दिली, पाणी दिलं, मागून दचकवलं. तुझी बायको किती प्रयत्न करत होती आणि आपण दोघं टिंगल करत होतो, कोण एवढी आठवण काढतंय म्हणून. गावी आईला फोन लावला तर ती म्हणाली, "मीच काढून राहिली, बाप्पा. दिवाळीपासून तोंड नाही दाखवलं." लगेच तिकीट काढून तिला बोलावून घेतलंस. उचक्या लागल्या की कुणीतरी आठवण काढतंय, एवढंच आपल्याला ठाऊक. मेंदूच्या देठाला सूज आली की उचक्या लागतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण घरचा माणूस समोर आला की शिकलेलं कुठे जातं कोण जाणे.

चालताना तोल जायला लागला, गाल बधिर झाला, तेव्हा कुठे डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. तू हट्ट धरलास की फोटो ताईच काढणार. तळघरातल्या आमच्या खोलीत आलास, बाहेरच्यांना सांगते तसंच तुला सांगितलं: खिशातलं सगळं काढ, पट्टा काढ, अंगठी काढ. अंगठी मी माझ्या एप्रनच्या खिशात ठेवली. आधी साधे फोटो घेतले, मग हाताच्या शिरेतून औषध देऊन पुन्हा घेतले. त्या औषधाने सूज असेल तिथे पांढरं उमटतं.

उमटलं. देठाच्या मधोमध, आणि तिथून मागच्या लहान मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर. बारीक बारीक पांढरे ठिपके, मधे मधे केसासारख्या वाकड्या रेघा. पुस्तकात म्हणे त्याला मिरपूड भुरभुरल्यासारखं म्हणतात. मला ती रांगोळी वाटली. चिमटीतून सांडलेली. असा फोटो मी त्याआधी कधी काढला नव्हता.

तू बाहेर आलास. एका हाताने भिंत धरलीस. "काय दिसलं?"

आणि मी तुला म्हणाले, "डॉक्टर सांगतील."

तुझा चेहरा मला दिसतोय अजून. रागावला नाहीस. मग अंगठीसाठी हात पुढे केलास. मी दिली. जिन्याने वर मेघनाने तुला धरून नेलं. दोन दिवस तू माझा फोन घेतला नाहीस, तिसऱ्या दिवशी घेतलास तो भांडायलाच. "सख्ख्या भावाले डॉक्टर सांगतील म्हणते? काऊन? मी काय टोकन घेऊन आलो होतो?" एरवी तू पुण्याचं बोलायचास, चिडलास की गावचं यायचं. मीही काही कमी नाही. म्हटलं, "मी फोटो काढते. त्याचा अर्थ लावायचं शिक्षण मला नाही. उद्या मी काहीतरी बोलेन आणि ते चूक निघेल, मग?" तू म्हणालास, "चूक निघालं त निघालं. पण माणसासारखं बोलली असती." आणि फोन ठेवलास. हे भांडण आपलं मिटलंच नाही, गजू. दोघांनी जेवायला बसून विषय बदलला, एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. हा फार क्वचित होणारा आजार. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशीच मेंदूच्या देठात जाऊन बसतात आणि तिथे सूज आणतात. का, ते कुणाला माहीत नाही. देठ इतक्या नाजूक जागी की तुकडा काढून तपासणंही धोक्याचं. बाकीचे आजार एकेक करून वगळायचे आणि फोटोवरून ओळखायचं. इंग्रजी नाव भलंमोठं, म्हणून पहिली अक्षरं जोडून त्याला क्लिपर्स म्हणतात. तू लगेच, "म्हणजे न्हाव्याकडचं?" डॉक्टर हसले. मेघना हसली नाही. पुढे डॉक्टर म्हणाले, हा आजार स्टेरॉइडला चांगली दाद देतो, पण औषध सोडलं की परत येतो. हे वाक्य आपण चौघांनी ऐकलं. आईनेसुद्धा. ती तर बाहेर येऊन म्हणाली, "म्हंजे गोळी सोडाची नाही, एवढंच ना?"

आणि दादही कशी दिली! सलाइनमधून औषध सुरू झालं आणि चौथ्या दिवशी तू पलंगावरून मला सांगितलंस, "ताई, तू एकच दिसतेस. बरं वाटलं. दोन झेपत नव्हत्या." मी नर्ससमोर रडले.

मग गोळ्या आल्या. रोज सकाळी नाश्त्यानंतर. तुझा चेहरा फुगून गोल झाला. झोप उडाली. भूक अशी की तू फ्रिजसमोर उभ्याने जेवायचास. हात थरथरायचे. आणि तू, ज्याने मेघनावर कधी आवाज चढवला नाही, तू तिच्यासमोर ताट आपटलंस. मला नंतर गॅलरीत म्हणालास, "ताई, हा मी नाही. हा गोळीतला माणूस आहे." मी म्हटलं, "असू दे. चालतो आम्हाला." तू म्हणालास, "मेघनाला चालत नाही. मला चालत नाही." मला वाटलं, बोलून मोकळा झालास.

तीन महिन्यांनी दुसरा फोटो. तो दिवस मी रोज उलटासुलटा करून बघते.

तू आत, कानाला ते मोठे हेडफोन. मी काचेच्या अलीकडे. औषध गेलं, फोटो यायला लागले. मी देठावर नजर लावून बसले. एक पट्टी आली, मेंदूचा एक पातळ काप. दुसरी आली. तिसरी. काहीच नव्हतं. रांगोळी कुणीतरी झाडून न्यावी तसा स्वच्छ राखाडी देठ. मला तुझा तो भिंत धरलेला चेहरा आठवला. 'माणसासारखं बोलली असती.' मी माइकचं बटण दाबलं आणि ओरडलेच, "गजू, साफ आहे रे! एकही ठिपका नाही!"

तू आतून हात वर केलास. हलायचं नसतं, फोटो हलतो. तो एक फोटो पुन्हा काढावा लागला. त्याचंही मला काही वाटलं नाही, इतकी खूष होते मी.

मॅडम मागे उभ्या होत्या. तू गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. "वैशाली, साफ हा शब्द आपला नाही. आजच्या फोटोत दिसत नाही, असं म्हणतो आपण. तो औषधावर आहे म्हणून दिसत नाही." मी सॉरी म्हटलं. मनात म्हटलं, तुमचा भाऊ असता तर कळलं असतं. रिपोर्टमध्ये त्यांनी सगळं नीट लिहिलं, उपचार सुरू ठेवावेत हेही. तुझ्या डॉक्टरांनीही तेच बजावलं. पण तुझ्या कानात आधी मी होते. आणि मी 'आज' हा शब्द गाळला होता.

त्या संध्याकाळी तू मेघनाला आणि आईला घेऊन आलास, येताना कात्रज डेअरीचं श्रीखंड आणलंस. आपण चौघं डब्यातूनच खात होतो. तू म्हणालास, "आमच्यात एक पद्धत असते. चूक दुरुस्त केली की दुरुस्ती काढून बघायची. चूक परत आली नाही, तर ती खरी गेली." मी म्हटलं, "तुझ्या पद्धती तुझ्या कंपनीत ठेव. खा गप." तू गप खाल्लंस. मला तेव्हा कळायला हवं होतं ना? कळायला हवं होतं. मला वाटलं, गप्पा मारतोयस.

दोन-अडीच महिन्यांनी मेघनाचा फोन आला. "ताई, हे पाणी पिताना ठसकतायत. बोलणं जड येतंय." रिक्षाने तुला घेऊन आली. तिसरा फोटोही मीच काढला. मॅडम नको म्हणत होत्या. ठिपके परत आले होते, पहिल्यापेक्षा जास्त, खाली मानेपर्यंत. तू बाहेर आलास. चपला घातल्यास. मी वाट बघत होते.

तू विचारलंच नाहीस, गजू. सोळा वर्षांत तू एकटाच पेशंट, ज्याने विचारलं नाही. अंगठी घेतलीस आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. धाकटा असून.

बाकीचं मला लिहायचं नाही. गिळता येत नव्हतं, पाणी छातीत गेलं, न्यूमोनिया झाला. औषध परत सुरू केलं, पण छातीने साथ दिली नाही. नळी घातल्यावर बोलणं बंद. एकदा माझ्या तळहातावर बोटाने काहीतरी लिहिलंस. 'ताई' कळलं. पुढचं नाही कळलं. मी मान हलवली, कळल्यासारखी. तेही खोटंच.

दवाखान्यातच मेघनाला तुझ्या ऑफिसच्या बॅगेत गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये आम्हा तिघींना विचारलं, "त्यांनी औषध का सोडलं, काही कल्पना?" आई म्हणाली, "आमचा गजू असं कराचा नाही." मेघनाने नाही म्हणून मान हलवली. आणि मी माझ्या ओळखपत्राच्या नाडीशी चाळा करत उभी राहिले. जिथे गप्प बसायचं तिथे माइकवरून ओरडले आणि जिथे बोलायचं तिथे गप्प बसले. डॉक्टर नंतर म्हणाले, गोळ्या चालू असतानाही उलटलं असतं कदाचित, या आजाराचं सांगता येत नाही. ते 'कदाचित' मी घट्ट धरून ठेवलंय. त्याने काही होत नाही.

आई आता पाणी पिताना ठसकली, उचकी लागली, की भांडं खाली ठेवते. म्हणते, "गजू काढून राहिला आठवण." आणि पाणी पीत नाही. उचकी थांबेल म्हणून.

आज दुपारी मी वाघोलीला तुमच्या घरी गेले. ठरवून गेले. बसमध्ये वाक्य पाठ करत होते. मेघना तुझे शर्ट घड्या घालत होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत, दारातच म्हणाले, "मेघना, दुसऱ्या फोटोच्या वेळी मी त्याला साफ आहे म्हणून सांगितलं होतं. मशीनमध्ये असतानाच. मला तो अधिकार नव्हता. म्हणून त्याने गोळ्या सोडल्या."

ती म्हणाली, "मला माहीत आहे. आत या, ताई."

तुझा लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. तू कामासाठी करायचास तसाच तक्ता. एका रकान्यात काय करायचं, दुसऱ्यात काय व्हायला हवं, तिसऱ्यात काय झालं. सगळ्यात वर लिहिलंयस: 'आधार: ताईने स्वतः पाहिलंय. साफ.' खाली ओळी. गोळी अर्धी केली. काही व्हायला नको. काही झालं नाही, झोप लागली. गोळी पाव केली. काही झालं नाही, आज मेघनावर ओरडलो नाही. गोळी बंद. काही झालं नाही, आरशात मी दिसलो. मग एक ओळ: डावा गाल बधिर, आठवडाभर थांबून बघू. मग एक: पाण्याचा ठसका. आणि सगळ्यात शेवटची ओळ, तिच्यापुढचे रकाने मोकळेच: 'ताईला सांगणे. बाकी. (मारेल.)'

मारलं असतं रे. कानफटात दिली असती आणि पुढच्या मिनिटाला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं असतं. एवढी कसली भीती वाटली तुला माझी? की मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलास? माझ्या तळहातावर हेच लिहीत होतास का?

मी मेघनाला विचारलं, "कधी वाचलंस?"

"तेराव्याच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगता का, ते बघत होते." तुझी बायको आहे खरी. क्षणभर तिचा राग आला, मग कळलं, तिने मला त्या दिवसांत रोज जेवायला वाढलंय. सगळं माहीत असताना.

तिने कपाटावरून फिल्मांचं मोठं पाकीट काढलं. "यातला दुसरा फोटो कुठला?" मी काढून दिला. तिने तो गॅलरीच्या काचेला धरला. बाहेर ऊन होतं, त्यात तुझ्या डोक्याच्या सगळ्या पट्ट्या उजळल्या. मी देठ कुठे ते दाखवलं. तिने तिथे बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय दिसतंय, ताई?"

डॉक्टर सांगतील, हे वाक्य कालपासून माझ्याकडे उरलेलं नाही. मी काचेजवळ गेले. त्या देठाकडे नीट पाहिलं, पट्टीन् पट्टी, कामावर बघते तसं.

"एकही ठिपका नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी साफ होता. त्या दिवशी."

— तुझी ताई